विंडोचा आकार कोण ठरवते, हे आधी शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सवरच्या टेक्स्ट एडिटरची विंडो भलत्याच आकारात उघडू लागली, की त्यावर दिला जाणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो: एडिटर काढून पुन्हा टाका, नाहीतर त्याचे सेटिंगचे फोल्डर उडवा. या दोन्ही गोष्टी करू नयेत, हे सांगण्यासाठी हे पत्र. एडिटर पुन्हा टाकून काही साधत नाही. आकाराची नोंद वापरकर्त्याच्या होम फोल्डरात असते आणि प्रोग्राम काढला तरी ती सहसा जागची हलत नाही. फोल्डर उडवण्यात तर खरा धोका आहे. ग्नोम या डेस्कटॉपचा सध्याचा टेक्स्ट एडिटर जतन न केलेला मजकूरही आपल्याच फोल्डरात, ‘ड्राफ्ट्स’ नावाच्या उपफोल्डरात ठेवतो. विंडो लहान करायला निघालेल्या माणसाचे अर्धवट लिहिलेले टिपण त्यासोबत जाते आणि ते परत मिळत नाही.

विंडोच्या आकारात तिघांचा हात असतो. एडिटर मागच्या वेळची नोंद वाचून ठरावीक रुंदी-उंची मागतो. विंडो मॅनेजर, म्हणजे सगळ्या विंडोंची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम (स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेत त्याला कंपोझिटर म्हणतात), ती मागणी मान्य करतो, तिच्यात काटछाट करतो किंवा ती सरळ बाजूला ठेवतो. तिसरे म्हणजे विंडोतले घटक. टूलबार, बाजूचे पॅनेल, टॅबची पट्टी हे सगळे मिळून एक किमान मर्यादा घालतात आणि विंडो तिच्याखाली जात नाही. दोष यांपैकी कुणाकडे आहे ते कळण्याआधी केलेला कुठलाही उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

सुरुवात सत्रापासून, म्हणजे लॉगिन केल्यावर सुरू होणाऱ्या डेस्कटॉपपासून करावी. सत्र एक्स११चे आहे की वेलँडचे, हे पाहायला ‘एको’ कमांडपुढे डॉलरचे चिन्ह लावून एक्सडीजी सेशन टाइप हे व्हेरिएबल द्यावे (मोठी रोमन अक्षरे, शब्दांमध्ये अंडरस्कोर). उत्तर एका शब्दात येते. एक्स११ ही विंडो दाखवण्याची १९८७ सालची व्यवस्था. तिच्यात प्रोग्रामला स्वतःचा आकार आणि स्क्रीनवरची जागा, दोन्ही मागता येतात. इतकेच नव्हे, एक प्रोग्राम दुसऱ्याची विंडो हलवू शकतो. वेलँडमध्ये साध्या विंडोला जागा मागण्याची सोयच नाही. आकार ती ठरवू शकते, पण कुठे दिसायचे हे कंपोझिटर ठरवतो. म्हणून ‘एडिटर आकार लक्षात ठेवतो, पण कोपऱ्यातली जागा विसरतो’ ही वेलँडवरची तक्रार बिघाडाची नाहीच. तिच्यामागे धावण्यात वेळ घालवू नये.

जुने उपाय निकामी का होतात, तेही इथेच कळते. ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ आणि ‘एक्सडूटूल’ ही विंडोचा आकार बाहेरून बदलणारी हत्यारे एक्स११साठी बनलेली आहेत. फेडोराने २०१६च्या २५व्या आवृत्तीपासून आणि उबंटूने २१.०४पासून बहुतेक यंत्रांवर वेलँड हेच मूळ सत्र केले. तिथे या कमांड एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११चे प्रोग्राम चालवणाऱ्या दुव्यातून) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या विंडोच ओळखतात. खऱ्या वेलँड विंडोच्या बाबतीत त्यांचा काही परिणाम होत नाही आणि वापरणाऱ्याला वाटते, आपण टाइप करताना चुकलो.

एक्स११वर मात्र डब्ल्यूएमसीटीआरएल आजही उत्तम काम करते. ‘उणे आर’ पर्यायाला सध्याच्या विंडोचे नाव म्हणून ‘ॲक्टिव्ह’ (मोठ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कोलन) द्यावे. मग ‘उणे ई’ पर्यायापुढे स्वल्पविरामांनी जोडलेले पाच आकडे: शून्य, डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. जागा आहे तीच ठेवायची असेल तर दोन्ही अंतरांच्या ठिकाणी उणे एक. विंडो मॅक्सिमाइझ असेल तर ही कमांड दाद देत नाही. आधी ‘उणे बी’ पर्यायाने मॅक्सिमाइझची उभी आणि आडवी, दोन्ही खूण काढावी लागते. बहुतेक लोक अडतात ते याच पायरीवर.

यानंतर एडिटर नेमका कोणता, हे पाहावे. प्रश्न बाळबोध वाटेल, पण सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. जीएडिट हा जुना एडिटर मेनूमध्ये ‘टेक्स्ट एडिटर’ याच नावाने दिसत असे. २०२२मध्ये ग्नोम ४२ने त्याच्या जागी नवा एडिटर आणला. त्याचेही नाव ‘टेक्स्ट एडिटर’च. उबंटू २२.०४मध्ये जीएडिट होता, २२.१०पासून नवा आला. म्हणजे २२.०४वरून २४.०४वर गेलेल्या माणसाला मेनूत तेच नाव दिसते, पण प्रोग्राम वेगळा असतो आणि त्याची आकाराची नोंदही वेगळ्या ठिकाणी असते. मेनूतली ‘अबाउट’ची खिडकी उघडली की खुलासा होतो.

जीएडिट आकार डीकॉन्फ या ग्नोमच्या सेटिंगांच्या कोठारात ठेवतो. डीकॉन्फ एडिटर उघडून ऑर्ग, ग्नोम, जीएडिट, स्टेट, विंडो या क्रमाने आत गेले की ‘साइझ’ आणि ‘स्टेट’ ही दोन मूल्ये दिसतात. जीएडिट बंद करून तेवढीच दोन मूळ किमतीवर आणावीत. बाकीची सगळी सेटिंगे शाबूत राहतात. डीकॉन्फची फाइल बायनरी असते, ती हाताने उघडून बदलायच्या भानगडीत पडू नये.

नव्या टेक्स्ट एडिटरची तऱ्हा निराळी. तो विंडोचा आकार आणि उघड्या फाइलींची यादी स्वतःच्या सत्राच्या एकाच फाइलीत लिहितो. होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट लोकल’मध्ये ‘शेअर’, त्यात ‘ऑर्ग डॉट ग्नोम डॉट टेक्स्टएडिटर’ आणि तिथे ‘सेशन डॉट जीव्हेरिएंट’. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबले की लपलेली फोल्डरे दिसू लागतात. या फाइलीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक टॅबमधला मजकूर नाव देऊन जतन करावा, कारण अर्धवट मसुद्यांचा पत्ताही याच फाइलीत नोंदलेला असतो. मग एडिटर बंद करून फाइलीचे फक्त नाव बदलावे, ती पुसू नये. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या प्रोग्राम बसवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. फ्लॅटपॅकमधून घेतलेला एडिटर हेच सगळे ‘डॉट व्हार’ फोल्डरातल्या ‘ॲप’मध्ये ठेवतो, तर स्नॅपमधला ‘स्नॅप’ फोल्डरात. एकाच यंत्रावर एका एडिटरच्या दोन प्रती असतील तर त्यांचे आकार एकमेकांना कळत नाहीत, आणि ‘कधी लहान उघडते, कधी मोठी’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा एवढेच असते.

नोंद कुठे आहे ते कळले, की ती लिहिली जाते का हे तपासावे. मॅक्सिमाइझ काढून विंडो हाताने हव्या त्या मापाची करावी, बाकीच्या विंडो बंद कराव्यात आणि एडिटर ‘क्विट’ने नीट बंद करून पुन्हा उघडावा. अनेक एडिटर नोंद बंद होतानाच लिहितात, त्यामुळे ‘किल’ने मारलेला किंवा यंत्र गोठल्यामुळे गेलेला प्रोग्राम आधीचाच आकार घेऊन परततो. दोन विंडो उघड्या असतील तर बहुधा शेवटी बंद झालेलीचे माप उरते. याच कारणाने एडिटर चालू असताना त्याची सेटिंगची फाइल दुरुस्त करणे व्यर्थ आहे. जीनी हा एडिटर बाहेर पडताना स्वतःच्या स्मरणातले आकडे लिहितो आणि हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाते. त्याला फाइलीत शिरून सांगायची गरजही नाही. प्रेफरन्सेसमध्ये स्टार्टअपच्या पानावर विंडोची जागा आणि माप जतन करण्याची खूण आहे, ती पुरते. एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या माउसपॅड एडिटरमध्ये आकार, जागा आणि स्थिती लक्षात ठेवण्याची तीन वेगवेगळी सेटिंगे आहेत. एक चालू, दोन बंद असेही असू शकते.

एवढे करूनही नोंद टिकत नसेल, तर फाइलीची मालकी पाहावी. सुडो (प्रशासकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार देणारी कमांड) लावून चित्रमय एडिटर उघडण्याची सवय इथे नडते. उबंटूच्या १९.१०पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडो वापरकर्त्याचेच होम फोल्डर कायम ठेवत असे. त्यामुळे रूटने चालवलेला एडिटर आपल्या होम फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार करून जायचा. होम फोल्डर तेच ठेवून पुढच्या आवृत्त्यांवर आलेल्या यंत्रांत त्या फाइली अजून सापडतात. ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘डीकॉन्फ’ फोल्डरावर ‘एलएस उणे एल’ चालवावी. तिसऱ्या स्तंभात आपल्या नावाऐवजी ‘रूट’ दिसले, तर दोष सापडला. एडिटर नोंद लिहू पाहतो, परवानगी मिळत नाही, आणि बहुतेकदा तो वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. ‘सीएचओन’ने त्या फोल्डराची मालकी स्वतःकडे घ्यावी, आणि इथून पुढे व्यवस्थेच्या फाइली बदलायला ‘सुडोएडिट’ वापरावे. ती कमांड एडिटर आपल्याच नावाने चालवते आणि फाइल तेवढी जागेवर नेऊन ठेवते.

शंका येईल तिथे एडिटर टर्मिनलमधून सुरू करून बघावा. सेटिंगे ‘मेमरी बॅकएंड’मध्ये असून जतन होणार नाहीत, असा इशारा छापला गेला तर डीकॉन्फचा भागच बसवलेला नाही असे समजावे. भरलेली डिस्कही असाच परिणाम करते.

सगळ्याच प्रोग्रामच्या विंडो बिघडत असतील, तर एडिटरचा नाद सोडून विंडो मॅनेजरकडे वळावे. ग्नोमच्या मटर या विंडो मॅनेजरमध्ये ‘ऑटो मॅक्सिमाइझ’ नावाचे सेटिंग मुळातच चालू असते. स्क्रीनएवढ्या मापाने उघडणारी नवी विंडो ते आपणहून मॅक्सिमाइझ करते. विंडो ताणून जवळजवळ स्क्रीनभर केली, की पुढच्या वेळी ती मॅक्सिमाइझ होऊन येते आणि तसेच बंद केल्यावर एडिटर तीच स्थिती नोंदवतो. डीकॉन्फ एडिटरमध्ये ऑर्ग, ग्नोम, मटर इथे ते बंद करता येते. केडीई या डेस्कटॉपवर याहून चांगली सोय आहे. विंडोवर असताना अल्ट आणि एफ३ दाबून तिच्या खास सेटिंगांत जावे आणि आकाराचा नियम जोडावा. ‘सुरुवातीला लागू’ निवडले तर विंडो त्या मापाने उघडते आणि मग हवी तशी बदलता येते. ‘सक्ती’ निवडली तर ती त्याच मापावर अडकते. हे नियम वेलँडवरही चालतात, आणि ग्नोममध्ये अशी अंगभूत सोय असायला हवी होती असे माझे ठाम मत आहे. केडीईचे प्रोग्राम स्क्रीनच्या रेझोल्यूशननुसार वेगवेगळी मापे नोंदवतात हेही ध्यानात असावे. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर केट हा केडीईचा एडिटर वेगळ्या आकाराने उघडला, तर तो त्याचा गुण आहे.

मॉनिटर काढल्यावर विंडोची कड स्क्रीनबाहेर गेली आणि माउसने ती पकडता येत नसेल, तर ग्नोम आणि एक्सएफसीईमध्ये अल्ट आणि एफ८ दाबावे. ग्नोममध्ये पहिला बाण फक्त कड निवडतो. उजवा बाण एकदा दाबला की कर्सर उजव्या कडेवर जातो, त्यापुढचे बाण ती कड सरकवतात, एंटरने माप पक्के होते. पहिल्या बाणाला विंडो हलली नाही म्हणून लोक इथे एस्केप दाबून सोडून देतात. नुसती हलवायची असेल तर अल्ट आणि एफ७.

दर वेळी थोडी थोडी वाढत जाणारी विंडो हा वेगळा आजार आहे आणि त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. जीटीके३ (विंडो आणि बटणे बनवण्याचा संच) वापरणाऱ्या अनेक विंडोंची शीर्षकपट्टी आणि सावली प्रोग्राम स्वतःच रेखाटतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मजकुराच्या भागाचे माप न नोंदवता सावलीसकट सगळ्या क्षेत्राचे नोंदवले, तर पुढच्या वेळी तेवढ्या मापाची विंडो मागितली जाते आणि तिच्याभोवती पुन्हा सावली चढते. एक्स११वर एखादी विंडो दर वेळी शीर्षकपट्टीच्या उंचीइतकी खाली घसरत असेल, तर तिथेही अशीच गफलत असते: नोंद आतल्या भागाच्या जागेची, मागणी बाहेरच्या चौकटीची. खात्री करायला एडिटर काही वेळा उघडून बंद करावा आणि एक्स११वर ‘एक्सविनइन्फो’ने रुंदी-उंची पाहावी. दोन वेळांमधला फरक नेहमी तेवढाच निघाला, तर दोष एडिटरच्या प्रोग्राममध्येच आहे. सेटिंगे पुसून तो जात नाही. नवी आवृत्ती घ्यावी, ती नसेल तर केडीईसारखा नियम लावून माप बांधावे.

उलट विंडो लहान होतच नसेल, तर तिसरा मानकरी, म्हणजे विंडोतले घटक, तपासावा. एक्स११वर ‘एक्सप्रॉप’ चालवून विंडोवर क्लिक केले, की ‘डब्ल्यूएम नॉर्मल हिंट्स’खाली प्रोग्रामने सांगितलेले किमान माप दिसते. जीएडिटमध्ये एफ९ने बाजूचे पॅनेल बंद करून तोच आकडा पुन्हा बघावा, बऱ्याचदा तो उतरलेला दिसेल. इंटरफेस मराठीत ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. वेलांट्या-मात्रांसाठी देवनागरी फॉन्टची ओळ रोमनपेक्षा उंच असते, त्यामुळे मेनू, टॅब आणि बटणे सगळीच थोडी वाढतात. १३६६ गुणिले ७६८च्या स्क्रीनवर प्रेफरन्सेसची खिडकी खाली कापली जाऊन शेवटचे बटण दिसत नाही, ते अशाने. सुपर की (एक्सएफसीईत अल्ट) दाबून ठेवून खिडकी माउसने वर ओढली की बटण हाती लागते. कायमचा उपाय इंटरफेसचा फॉन्ट एक-दोन अंकांनी उतरवणे हा. एडिटरमधल्या मजकुराचा फॉन्ट वेगळा असतो, त्याला धक्का लागत नाही.

३८४० गुणिले २१६०च्या स्क्रीनवर २०० टक्के स्केल ठेवले, की प्रोग्रामच्या लेखी ती १९२० गुणिले १०८० उरते. एक्सवेलँडमधून चालणारे काही प्रोग्राम मात्र खरे पिक्सेल मोजतात, म्हणून त्यांची विंडो निम्मी दिसते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये माप ठीक असूनही सगळे मोठे वाटत असेल तर ‘झूम लेव्हल’ पाहावी. तिची एक पायरी २० टक्क्यांची असते.

ईमॅक्स आणि जीव्हिम हे एडिटर पिक्सेल मोजत नाहीत, अक्षरे मोजतात. त्यांना दिलेले १०० गुणिले ४० म्हणजे १०० स्तंभ आणि ४० ओळी. फॉन्ट वाढवला की विंडो वाढणारच. मॅक्सिमाइझ केलेल्या ईमॅक्सच्या कडेला पट्टी मोकळी राहते, ती अर्ध्या अक्षराला जागा न दिल्यामुळे. ‘फ्रेम रीसाइझ पिक्सेलवाइझ’ चालू केल्यावर ती भरून निघते. जीव्हिमची ओळी आणि स्तंभांची सेटिंगे ‘जीव्हिमआरसी’मध्येच लिहावीत. साध्या ‘व्हिमआरसी’मध्ये लिहिली तर टर्मिनलमधला व्हिमही तोच आकार धरू पाहतो आणि स्क्रीन विस्कटते.

टर्मिनलमधल्या नॅनो आणि व्हिम या एडिटरांना स्वतःची विंडो नसतेच. कर्नलकडे टर्मिनलच्या ओळी आणि स्तंभांची नोंद असते, विंडो ताणली की ती बदलते आणि प्रोग्रामला सिगविंच हा संकेत जातो. ‘एसटीटीवाय साइझ’ ही नोंद दाखवते: आधी ओळी, मग स्तंभ. आकडे बरोबर असूनही नॅनो जुन्याच चौकटीत अडकला असेल, तर ‘लाइन्स’ आणि ‘कॉलम्स’ ही व्हेरिएबले कुणी बॅशच्या फाइलीत एक्सपोर्ट करून ठेवली आहेत का ते बघावे. नॅनो ज्यावर उभा आहे ते एनकर्सेस (टर्मिनलवर मजकूर मांडणारी लायब्ररी) या व्हेरिएबलांना खऱ्या मापापेक्षा जास्त मान देते. ‘अनसेट’ केले की नॅनो विंडोभर पसरतो. सिरियल केबलवरच्या जोडणीत माप कळवण्याची वाटच नसते. तिथे शून्य-शून्य दिसते आणि प्रोग्राम ८० स्तंभ, २४ ओळी गृहीत धरतात. ‘एसटीटीवाय’ला ओळी आणि स्तंभ स्वतः सांगावेत, किंवा एक्सटर्मसोबत येणारी ‘रीसाइझ’ चालवावी. टीमक्समध्ये (टर्मिनलमधली सत्रे चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एडिटर छोट्या चौकोनात आणि भोवती ठिपके दिसले, तर तेच सत्र दुसऱ्या लहान टर्मिनलमध्ये उघडे आहे असे समजावे. जोडताना ‘अटॅच’ला ‘उणे डी’ दिले की दुसरीकडची जोडणी सुटते.

इतके करूनही दोष कळला नाही, तर यंत्रावर नवे वापरकर्ता खाते उघडून त्यात तोच एडिटर चालवावा. तिथे सगळे नीट असेल तर गडबड आपल्या होम फोल्डरातल्या नोंदीत आहे. तिथेही तेच घडले तर ती प्रोग्राममध्ये किंवा विंडो मॅनेजरमध्ये. फोल्डर उडवून जे कळते ते इथे काहीही न गमावता कळते.

आपल्या वृत्तपत्रात लिनक्सविषयी कमांड छापताना ती कोणत्या डेस्कटॉपसाठी, कोणत्या सत्रासाठी आणि कोणत्या एडिटरसाठी आहे, हे शेजारी अवश्य द्यावे, अशी विनंती आहे. आणि जे वाचक दोषाची तक्रार विकासकांकडे नोंदवतील त्यांनी ‘विंडो नीट उघडत नाही’ एवढ्यावर थांबू नये. सत्राचा प्रकार, डेस्कटॉपची आणि एडिटरची आवृत्ती, एडिटर पॅकेजमधून आला की फ्लॅटपॅक वा स्नॅपमधून, मॉनिटरचे रेझोल्यूशन आणि स्केल, आणि बंद करतानाचे व पुन्हा उघडल्यावरचे माप आकड्यांत लिहावे.

आपला,
लिनक्स वापरणारा एक वाचक